कवच खाटेवरचे

मुक्ताईनगरच्या केळीमळ्यात राबणाऱ्या मजुराला उपदेश केला जातो : विम्याचा पुरेपूर लाभ घ्या, वर्षभर निरोगी राहा. पुरेपूर लाभ म्हणजे आधी पुरेपूर आजारपण, हे उपदेशकांच्या ध्यानीही येत नाही! महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कवच २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे झाले, ते स्वागतार्हच. परंतु ते उघडते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रक्तदाबाच्या रोजच्या गोळीला आणि बुडालेल्या मजुरीला त्यात स्थान नाही. गोळीला दमडी नाही, पक्षाघाताला मात्र लाख! ऐपतीअभावी कोणी उपचारास मुकू नये, हे भोर समितीने १९४६ मध्येच बजावले होते. राज्यांनी अर्थसंकल्पाचे ८ टक्के आरोग्यावर खर्चावेत, असे २०१७ चे राष्ट्रीय धोरण सांगते. शासनाने प्रथम तो हिशेब द्यावा आणि गावच्या आरोग्य केंद्रात बाराही महिने औषध ठेवावे.