जोखीम कुणाची, हक्क कुणाचा

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांत लिहिणाऱ्यांची वाण नाही. कळमनुरी तालुक्यातल्या रूपूरचे फ. मुं. शिंदे आणि वसमत तालुक्यातल्या रिधोऱ्याचे इंद्रजित भालेराव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्यांच्यामागून लिहू लागलेले शिक्षक, प्राध्यापक, ग्रामसेवक, शेतकऱ्यांची मुलंमुली पुष्कळ आहेत. पहिलं पुस्तक काढायचं म्हटलं की या सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: नव्या माणसाचं कुणी फुकट छापत नाही, पैसे जमव, प्रकाशकाला दे आणि एकदाचं पुस्तक येऊ दे. हा सल्ला आता इतका रुळलाय की लोक त्याला रीतच समजतात. ही रीत चुकीची आहे आणि तिने सर्वांत जास्त नुकसान नव्या लेखकाचंच केलंय, असं माझं म्हणणं आहे. त्याच्यापुढे खरे रस्ते दोनच. ज्याला पुस्तक पटलंय आणि जो स्वतःचा पैसा त्यात घालायला तयार आहे अशा प्रकाशकाकडे जावं, नाहीतर सरळ स्वतःच प्रकाशक व्हावं. या दोहोंच्या मधला, पैसे लेखकाने भरायचे आणि हक्क, हिशेब व गठ्ठे दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचे हा जो तिसरा रस्ता आहे, त्यावर पाऊल ठेवू नये.

या तिसऱ्या रस्त्यात खोट आहे ती माणसाच्या स्वभावात नाही, व्यवहारातच आहे. प्रकाशक कागद, छपाई, बांधणी आणि मुखपृष्ठ यांत स्वतःचे पैसे अडकवतो, तेव्हा ते सोडवायला त्याला पुस्तक विकावंच लागतं. त्यासाठी तो संहिता नीट वाचतो, नको ते काढायला लावतो, मुद्रितशोधन करून घेतो, विक्रेत्यांकडे प्रती पाठवतो, परीक्षणासाठी फिरतो. संपादकाची लाल शाई लेखकावरच्या प्रेमापोटी चालते असं नाही, ती पैशाच्या काळजीनेही चालते, आणि त्यात वावगं काही नाही. उलट जिथे छपाईचा सगळा खर्च आणि वर नफाही लेखकाने आधीच देऊन टाकलेला असतो, तिथे प्रकाशकाचा धंदा पुस्तक बाजारात येण्याआधीच पुरा झालेला असतो. पुढे एक प्रत विकली काय आणि शंभर विकल्या काय, त्याचं काही अडत नाही. मग कच्चं लिखाण परत करायचं कारण त्याला उरत नाही, कारण परत केलं तर गिऱ्हाईक जाईल. लेखक त्याच्यासाठी लेखक राहत नाही, गिऱ्हाईक होतो. जी जागा वाचकाची, ती लेखकाने पैसे भरून स्वतः अडवलेली असते.

आपल्या जिल्ह्यातलाच दाखला घ्या. हळद पिकवणारा माणूस ती शिजवतो, वाळवतो, ढोलात घालून पॉलिश करतो आणि मग वसमतच्या किंवा हिंगोलीच्या मार्केटला नेतो. तिथे काट्यावर पोतं चढलं की त्याची नजर काट्यावरून हलत नाही. किती क्विंटल भरलं, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, हे पट्टीवर लिहून घेतल्याशिवाय तो गाडी परत वळवत नाही. त्याच घरातलं पोरगं कवितासंग्रह घेऊन शहरात जातं, पैसे मोजून देतं आणि पट्टी मागत नाही. पाचशे प्रती ठरल्या असतील, तर शंभर-दीडशे घरपोच येतात, खाकी कागदात पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधलेल्या, आणि ते गठ्ठे बाजेखाली जातात. उरलेल्या प्रती दुकानात आहेत, गोदामात आहेत की छापल्याच नाहीत, हे कळायचं साधन लेखकाकडे नसतं. पुस्तकाचं श्रेयनामावलीचं पान उघडून बघा. तिथे पहिली आवृत्ती लिहिलेलं असतं, तारीख असते, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ करणाऱ्यांची नावं असतात, किंमत असते, पण प्रती किती छापल्या तो आकडा बहुतेक वेळा नसतो. सोळा पानांचा एक फर्मा धरला, तर एकशेसाठ पानांच्या पुस्तकाचे दहा फर्मे होतात. कागदाचा आणि छपाईचा दर कुठल्याही छापखान्यात विचारता येतो. ज्याने पैसे दिले त्याने छापखान्याचं बिल बघायला मागणं यात संकोच कसला?

याच पानावर आयएसबीएन नावाचा तेरा आकडी क्रमांक असतो. त्याच्याभोवती नव्या लेखकाच्या मनात विनाकारण गूढ उभं केलं गेलंय. हा क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मिळतो, तो मोफत मिळतो, आणि स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही त्यासाठी अर्ज करता येतो. म्हणजे ‘आम्ही आयएसबीएन देतो’ म्हणून जो आकार घेतला जातो, तो फुकटच्या वस्तूचा असतो. या क्रमांकाला एवढा भाव का आला, याचं कारण साहित्यात सापडणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2010 च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठी गुणांची पद्धत आणली आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकांना त्यात गुण दिले. मग महाविद्यालयं असलेल्या गावोगावी पुस्तकं वाचकासाठी निघण्याऐवजी फाइलसाठी निघू लागली. ज्याला बढतीच्या कागदासाठी पुस्तक हवं त्याची निकड मी समजू शकतो, पण तो व्यवहार वेगळा आहे. त्या व्यवहाराची सवय कवितेला, कथेला आणि कादंबरीला लागली हे वाईट झालं.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप असा की, नव्या माणसाचं स्वतःच्या पैशाने कुणी छापतच नाही. मराठीचा इतिहास तसं सांगत नाही. ‘कोसला’ 1963 मध्ये रा. ज. देशमुखांनी काढली तेव्हा नेमाडे पंचविशीचे होते आणि ती त्यांची पहिली कादंबरी होती. त्याच ‘देशमुख आणि कंपनी’ने पुढे तुळजापूरच्या, शिवणकाम करून पोट भरणाऱ्या देविदास सौदागरांची ‘उसवण’ काढली आणि 2024 मध्ये तिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये आणि लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ 1980 मध्ये ‘ग्रंथाली’ने काढलं, आणि पुढच्याच वर्षी ‘उपरा’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कुसुमाग्रजांचा ‘विशाखा’ 1942 मध्ये वि. स. खांडेकरांनी पदरमोड करून प्रसिद्ध केला. नव्या लेखकावर दुसऱ्या कुणी तरी पैसा लावला अशी ही उदाहरणं आहेत. कवितेच्या बाबतीत मात्र आक्षेपात तथ्य आहे, ते मी नाकारत नाही. कवितासंग्रह विकला जात नाही आणि प्रकाशक त्याला हात लावायला कचरतात. पण त्यावरून निघतं ते इतकंच की कवीने घाई करू नये. ‘प्रतिष्ठान’, ‘कवितारती’ यांसारखी नियतकालिकं आहेत, दिवाळी अंक आहेत. गंगाधर पानतावणेंनी औरंगाबादहून चालवलेल्या ‘अस्मितादर्श’ने मराठवाड्यातल्या किती लिहित्या हातांना पहिली जागा दिली! तिथे संपादक निवडतो, परत पाठवतो, कधी दोन ओळी लिहून कळवतोही. वीस-पंचवीस कविता अशा चाळणीतून गेल्या की प्रकाशकाशी बोलताना हातात काही तरी असतं. शिवाय महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे आणि ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. पैसे भरून घाईने पुस्तक काढलं की हा दरवाजा आपणच आपल्या हाताने लावून घेतो. राज्य वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनासाठी वेगळे पुरस्कार आहेत, कवितेचा तर बहिणाबाई चौधरींच्या नावाचा आहे. पहिलं पुस्तक एकदाच होतं.

दुसरा आक्षेप अंतराचा. पुण्या-मुंबईचे प्रकाशक हिंगोलीकडे बघत नाहीत, म्हणून जवळ जो भेटेल त्याच्याकडे जावं लागतं, असं म्हणतात. शेजारच्या परभणीत राहून लिहिणाऱ्या आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ मुंबईच्या ‘शब्द’ने काढला आणि 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आज संहिता ईमेलने जाते, टपालाचेही पैसे पडत नाहीत. अंतराचं दुःख खोटं नाही. ओळखीपाळखी, समारंभ, परीक्षणं या सगळ्यात आपला मुलूख मागे पडतो हे खरंच आहे. पण पैसे भरून ते अंतर एका इंचानेही कमी होत नाही. नांदेडला किंवा संभाजीनगरला पैसे देऊन छापलेलं पुस्तक पुण्याच्या दुकानात आपोआप पोचत नाही. नर्सीच्या नामदेवांची 61 पदं गुरू ग्रंथसाहिबात गेली ती गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी नेली म्हणून. त्या काळाशी आजची बरोबरी होत नाही, तरी शब्द लांब जातो तो कुणाला तरी हवा असतो म्हणून, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप दुसऱ्या टोकाचा आहे आणि मला तो जास्त बोचतो: स्वतःच छापलं तर लोक हसतील, स्वप्रकाशन म्हणजे कुणी न घेतलेलं पुस्तक. म्हणूनच पुष्कळ जण पैसे स्वतःचे असूनही पुस्तकावर दुसऱ्याचं नाव घालायला धडपडतात. त्यांनी जोतीराव फुल्यांकडे बघावं. 1855 मध्ये लिहिलेलं ‘तृतीय रत्न’ हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवलं, ते नाकारलं गेलं आणि छापील रूपात यायला त्याला 1979 साल उजाडावं लागलं. ‘शेतकऱ्याचा असूड’चा काही भाग ‘दीनबंधू’त आला, पुढचा छापायला संपादक तयार झाले नाहीत, आणि पूर्ण पुस्तक जोतीरावांच्या हयातीत निघालं नाही. ‘गुलामगिरी’ मात्र त्यांनी 1873 मध्ये स्वतःच काढलं आणि ते तेव्हाच लोकांच्या हातात गेलं. म्हणजे जे दुसऱ्याच्या होकारावर अवलंबून राहिलं ते अडकलं, आणि जे स्वतःच्या हिमतीवर काढलं ते पोचलं. स्वप्रकाशनाला कमी लेखणाऱ्याने हा इतिहास आधी पुसून दाखवावा. कोलटकर आणि त्यांच्या कविमित्रांनी 1976 मध्ये मुंबईत ‘क्लिअरिंग हाउस’ उभं करून आपल्या कविता आपणच काढल्या, ‘जेजुरी’ त्यातलंच. कुणी त्यांना हौशी म्हटलं नाही.

स्वप्रकाशनात कष्ट आहेत हे सांगायला हवं, नाहीतर मीही खोटी आशा दाखवणाऱ्यांत जमा होईन. मुद्रितशोधन पैसे देऊन जाणकाराकडून करून घ्यावं लागतं. घरच्या माणसाने वाचलेल्या प्रुफात चुका राहतातच. विक्रेत्याला किमतीच्या तीस-चाळीस टक्के सूट द्यावी लागते, आणि पैसे यायला महिने जातात. म्हणून पाचशे-हजाराच्या नादी लागू नये, दोनशे-तीनशे प्रती काढाव्यात. आता थोड्या प्रती छापून देणारी डिजिटल यंत्रं आहेत, लागतील तशा पुन्हा काढता येतात. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, संमेलनातला गाळा, शासनमान्य वाचनालयं, शाळा ही आपली पहिली गिऱ्हाइकं. आणि पैसा सगळा एकट्याच्या खिशातून जावा असंही नाही. केतकरांनी ज्ञानकोशाचे 23 खंड काढले ते गावोगाव हिंडून आगाऊ ग्राहक मिळवत. ‘ग्रंथाली’ची वाचक चळवळही वाचकांच्या सहभागावरच उभी राहिली. शंभर जणांनी प्रकाशनपूर्व किंमत भरली, तर छपाईचा मोठा भाग निघतो, आणि मुख्य म्हणजे पुस्तक निघण्याआधीच त्याला शंभर वाचक असतात. शंभर माणसं पैसे द्यायला तयार होत नसतील, तर त्याचंही उत्तर लेखकाला छपाईच्या खर्चाआधीच मिळतं. ते कटू असेल, पण स्वस्त असतं.

कुणी म्हणेल, प्रकाशक खर्च स्वतः करतो, फक्त शे-दोनशे प्रती लेखकाने सवलतीत घ्याव्यात एवढीच अट घालतो, त्याचं काय? जोखीम दोघांत वाटून घेण्याचा तो प्रकार आहे, आणि तो कागदावर स्पष्ट असेल तर मी त्याला सरसकट वाईट म्हणणार नाही. कागदावर मात्र असलंच पाहिजे. किती प्रती छापणार, त्यांपैकी लेखकाने किती घ्यायच्या, रॉयल्टी किती टक्के आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात, भाषांतराचा, श्राव्य पुस्तकाचा, ई-पुस्तकाचा हक्क कुणाकडे, हे त्यात हवं. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असं वाक्य दिसलं तर ते खोडूनच सही करावी. दीडशे रुपयांच्या पुस्तकावर दहा टक्क्यांनी पंधरा रुपये मिळतात, त्यात कुणाचं घर चालत नाही, हे खरं. पण हक्क म्हणजे केवळ त्या पंधरा रुपयांची बाब नव्हे. उद्या त्या कथेवर चित्रपट निघाला, ती अभ्यासक्रमात गेली, तिचं हिंदी-कन्नडात भाषांतर झालं, तर निर्णय कुणी घ्यायचा, हा तो प्रश्न आहे.

ज्यांनी आधीच पैसे भरले, पुस्तक काढलं आणि आता हात चोळत बसलेत, त्यांना 1957 चा कॉपीराइट कायदा माहीत असायला हवा. त्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखकाची सही असलेला लेखी करार लागतो. तोंडी बोलण्याने हक्क जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरला जातो. हिंगोली जिल्ह्यात पैसे भरून पुस्तक काढलेल्या ज्यांनी कसलाच कागद केला नाही, त्यांच्या पुस्तकाचा हक्क आजही त्यांच्याच घरात आहे. त्यांना कुणाची परवानगी मागायची गरज नाही. जुनी प्रत काढावी, चुका दुरुस्त कराव्यात, मोफत मिळणारा नवा आयएसबीएन घ्यावा, नवं मुखपृष्ठ करून घ्यावं आणि दुसरी आवृत्ती स्वतःच्या नावाने काढावी, दोनशेच प्रतींची का असेना.