फराळाच्या ताटापाशी

दिवाळीत फराळाचं ताट पुढे आलं की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या आईचा जीव टांगणीला लागतो. 'एका चकलीनं काय होतंय?' म्हणत कुणीतरी मुलाच्या हातात तुकडा ठेवतं. मूल ठसकतं, आणि 'याला खायची सवयच लावली नाही' हा शेरा आईच्या वाट्याला येतो. यंदाच्या अंकाची सुरुवात म्हणूनच या ताटापासून.

दोष सवयीचा नसतो, स्नायूंचा असतो. या मुलांच्या पेशींत एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा असतं, हे १९५९ साली पॅरिसमधल्या संशोधकांनी जाहीर केलं. त्या जादा गुणसूत्रामुळे ओठ, जीभ, गाल यांचे स्नायू सैल राहतात, तोंडाची पोकळी लहान असते, दातही उशिरा येतात. बाळ अंगावर पिताना दमतं, मध्येच झोपी जातं. जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. त्यांना पिण्याचेही कष्ट पडतात. तरी 'दूध पुरत नाही, बाटली लावा' हा सल्ला बरेचदा घाईचाच. हनुवटीला आणि गालांना हाताचा आधार देऊन थोडं थोडं, वारंवार पाजलं तर यातली कितीतरी बाळं आईचं दूध पितात.

वरच्या अन्नाच्या वेळी मायाच आड येते. मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीचं सत्त्व ही सुरुवात उत्तम. पण मूल ठसकेल या धास्तीनं वर्षानुवर्षं मिक्सरमधलं पातळच देत राहिलं, तर चावायला शिकणं राहून जातं. घट्टपणा हळूहळू वाढवायचा, मुलाला सरळ बसवून भरवायचं. धास्ती अगदीच खोटी नाही, हेही खरं: काही मुलांच्या श्वासनलिकेत घास उतरतो आणि खोकलाही येत नाही. छातीत वारंवार कफ भरत असेल, तर गिळण्याची तपासणी हवीच.

पुढे चित्र उलटतं. 'खा रे बाबा' म्हणून मागे लागणारं घर काही वर्षांनी वाढत्या वजनानं हैराण होतं. थायरॉइडची नियमित तपासणी तेव्हा आहाराइतकीच महत्त्वाची.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून डाउन सिंड्रोमचा समावेश आहे आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. पण मूल बोलत नाही असं दिसेपर्यंत स्पीच थेरपिस्टची आठवण कुणाला होत नाही. चोखणं, चावणं, गिळणं यांवरचे उपचारही बहुधा तेच करतात, आणि त्यांची गाठ बाळ दूधपितं असतानाच घेता येते.