मोबाईल घरोघरी आला, पण पोरीनं प्रश्न विचारायचा कुणाच्या फोनवरून?

कांद्याचा भाव, लग्नाची पत्रिका, सातबारा, सगळं आता मोबाईलवर मिळतं. मग पाळी दीड महिना चुकली, खाली जळजळ होते, निरोध कसा वापरायचा, हेही पोरापोरींनी मोबाईलवरच विचारावं, डॉक्टरसमोर लाजायला नको, ही कल्पना ऐकायला चांगलीच आहे. सरकारनेही ती उचलली. 7 जानेवारी 2014 रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी. डिसेंबर 2016 मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 'साथिया सलाह' नावाचं ॲप आणलं. गावातल्या 'साथिया' मुलामुलींशी बोलायला संकोच वाटला तर ॲपवर माहिती मिळावी आणि तिथूनच टोल फ्री समुपदेशकाशी बोलता यावं, असा हेतू.

पण आपल्या गावात एक साधी गोष्ट आडवी येते. फोन घरात असतो, पोरीचा नसतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या महिलांपैकी 54 टक्क्यांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला 33 टक्के, पुरुष 57 टक्के. त्यानंतर फोन वाढले, पण सतरा वर्षांच्या मुलीच्या हातातला फोन आजही बहुतेक वेळा बापाचा नाहीतर भावाचा. ई-संजीवनीवर डॉक्टरशी बोलायचं तर ओटीपी येणार त्याच नंबरवर. टोल फ्री नंबर लावला तर कॉल यादीत राहतो. रात्री भाऊ फोन हातात घेतो तेव्हा काय होईल, हे ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांना सांगायला नको.

पोरांची अडचण उलटी आहे. त्यांच्याकडे फोन आहे, डेटा आहे आणि शिकवायला भलतेच लोक आहेत. 'ताकद वाढवा' म्हणणारे व्हिडिओ एकदा पाहिले की मागून तसलेच येत राहतात. 2007 मध्ये राज्यात शाळेतल्या लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमाला मनाई झाली होती. गुरुजी बोलले नाहीत, घरी कुणी बोलत नाही, मग पोरगं मोबाईललाच विचारणार ना?

आणि समजा माहिती अगदी बरोबर मिळाली, तरी पुढे जायचं कुठे? राज्यात किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' ही सोय आहे. तपासणी, सल्ला, औषधं तिथे मिळायला हवीत. ॲप हा रस्ता आहे, दवाखाना नव्हे. ओपीडी सकाळची, कॉलेजही सकाळचं. केसपेपर काढायच्या रांगेत शेजारची काकू उभी. मेडिकलवाला तर गावातलाच. इथं फोन काही करू शकत नाही. इथं वेळ बदलावी लागते आणि समुपदेशकाची खोली वेगळी लागते. माझ्या मते खरी ढिलाई इथेच आहे. ॲप काढणं सोपं, खोली देणं अवघड.

कायद्याचीही भीती असते. 18 वर्षांखालील मुलीचा गर्भपात करायचा तर पालकाची लेखी संमती लागते, शिवाय पोक्सोखाली डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. नाव फुटेल म्हणून मुली उशीर करतात, नाहीतर कुठल्यातरी गोळ्या घेतात. पण 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की अशी मुलगी आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने कळवताना मुलीचं नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही. ही एवढी गोष्ट गावात किती जणांना माहीत आहे? मोबाईलवर पसरवायची माहिती असेल, तर ती ही.

राज्यात 20 ते 24 वयाच्या महिलांपैकी 21.9 टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती, असं तीच पाहणी सांगते. म्हणजे हे प्रश्न फक्त कॉलेजच्या पोरांचे नाहीत. घरात आलेल्या कोवळ्या सुनेचेही आहेत, आणि तिच्याकडे तर फोन सगळ्यात शेवटी येतो. तिच्यापर्यंत आशाताईच पोहोचते. म्हणून आशाताईच्या फोनवर मराठीतले आवाजी संदेश असावेत, ती घरी आली की दोघींनी मिळून ऐकावेत. वाचता न येणारीलाही ते कळतील आणि घरच्या फोनवर खूणही राहणार नाही.

एचआयव्हीबद्दल विचारायचं असेल तर 1097 आणि 18 च्या आतल्या मुलामुलींच्या कुठल्याही संकटात 1098, हे दोन्ही नंबर मोफत आहेत. ते शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहात आतल्या बाजूने लिहून ठेवायला एक रंगाचा डबा पुरतो. आणि पुढच्या ग्रामसभेत वैद्यकीय अधिकारी आले तर एवढंच विचारा: आपल्याला जवळचं मैत्री क्लिनिक कुठलं, कोणत्या वारी, किती वाजता उघडतं आणि त्या खोलीला दार आहे का?