झाडलोट खात्याची, श्रद्धा आपली?



श्रद्धा मनात असली की पुरे, वास्तूची निगा पुरातत्त्व खाते राखील, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. आमच्या ग्वाल्हेरच्या हजीऱ्यातच पाहा. सूफी संत मुहम्मद गौस यांची सोळाव्या शतकातली, दगडी जाळ्यांची कबर संरक्षित आहे. पण शेजारी, तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला गळा सुरेल व्हावा म्हणून ओरबाडत आले ते भाविकच (गवईही त्यात आलेच!). 1924 पासूनच्या तानसेन समारोहात कीर्तनकार ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद एकाच आवारात होतात. म्हणजे ते आवार हिंदू-मुसलमान दोघांचेही, आणि त्याची निगाही. समारोहासाठी डिसेंबरात येणाऱ्या मराठी रसिकांनी हार जरूर वाहावेत. प्लास्टिकच्या पिशव्या मात्र परत न्याव्यात.

— एक वाचक, हजीरा, ग्वाल्हेर