वाट आहे, सोबत हवी



‘विशेष मुलांना शाळेनंतर पणत्या रंगवण्यापलीकडे काही जमत नाही’ हे मत मांडणारे पत्र वाचले. पत्रलेखकाची कळकळ खरी आहे, निष्कर्ष मात्र पटला नाही.

माझ्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. ‘फॉर्म स्वतः भरता येत नाही’ एवढ्यावरून एका प्रशिक्षण संस्थेने त्याला परत पाठवले. आज तो एका बेकरीत काम शिकतो. समोरच्या भिंतीवर कामाच्या पायऱ्यांची चित्रे आहेत. तो पिठाचा गोळा काट्यावर ठेवतो, आकडा चित्राशी जुळवतो आणि मगच पुढे सरकतो. शिकायला आठ महिने लागले. आता माप चुकत नाही.

वाटा आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) पाच वर्षांत, नऊ संधींमध्ये, झेपतील तसे विषय सोडवून दहावी-बारावी होता येते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात बौद्धिक दिव्यांगांसाठी बाजारपेठेशी जोडलेल्या खास कौशल्य प्रशिक्षणाची तरतूद आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांना शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयात ५ वर्षांची सवलतही आहे.

पण मोफत शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षी संपतो आणि पुढचे कोणी सांगत नाही. म्हणून आठवीपासूनच शाळेने पालकांसोबत बसून पुढची आखणी करावी, आयटीआयमध्ये विशेष शिक्षक नेमावेत. आमची मुले सावकाश शिकतात, पण शिकतात. त्यांना घरी बसवू नका.

– एक पालक, नाशिक