बल्ब बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

उजवा हेडलाइट मंद, डावा ठणठणीत. किंवा अप्पर लागतो, डिपर लागत नाही. अशी गाडी घेऊन गॅरेजात जा, उत्तर ठरलेलं असतं : "बल्ब गेलाय, बदलून टाकू." नवा बल्बही तसाच मिणमिणला की दुसरं ठरलेलं उत्तर येतं : "अख्खं वायरिंग बदलावं लागेल." या दोन उत्तरांच्या मध्ये दोष शोधण्याचं काम असतं. ते करायचं सोडून हे लोक गिऱ्हाइकाच्या खिशातून अंदाज बांधत बसतात, आणि याचा मला मनापासून संताप आहे.

माझ्या गाडीचा उजवा दिवा मंदावला तेव्हा एका गॅरेजने आधी बल्ब बदलला, मग होल्डर बदलला आणि शेवटी बॅटरीपासून नवी वायर ओढून "डायरेक्ट करून दिलंय" असं सांगितलं. मध्ये ना फ्यूज, ना रिले. अशी वायर पत्र्याला घासून सोलली गेली की गाडी पेटते. एवढा धोका गळ्यात बांधूनही दिवा मंदच! कारण दोष होता अर्थच्या बोल्टवर. बोल्ट खोलून गंज घासायचा आणि पुन्हा आवळायचा, एवढंच काम होतं.

आपल्याकडच्या असंख्य छोट्या गाड्यांत एच-४ बल्ब असतो. एकाच काचेत दोन फिलामेंट, अप्परचा ६० वॅटचा आणि डिपरचा ५५ वॅटचा. पिना तीन, कारण दोघांना अर्थ एकच. हा अर्थ कच्चा झाला की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून आडवाट शोधतो. मग दिवा मंद जळतो, डिपरवर असतानाही डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा मिणमिणतो, काही गाड्यांत इंडिकेटरच्या तालावर हेडलाइट कमीजास्त होतो. एवढी लक्षणं समोर असताना जो थेट बल्बच्या खोक्याकडे हात नेतो, त्याला कारागीर म्हणायला मी तयार नाही.

हॅलोजन बल्बला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून मोजायला हवं, आणि दिवा चालू ठेवून मोजायला हवं. मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बल्बच्या अर्थ पिनेला. आकडा शून्याच्या जवळ दिसला पाहिजे. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. होल्डर काढून मोजलं की सडक्या वायरीतही पुरते बारा व्होल्ट दिसतात, कारण करंट वाहतच नसतो. नेमकं तसंच मोजून "वायरिंग ओके आहे" असं छातीठोकपणे सांगणारे मी पाहिले आहेत. कोकणातल्या पावसात होल्डरच्या पिनांवर हिरवा थर चढतो; तिथे तर ही तपासणी आधी व्हायला हवी.

आणखी एक संतापजनक प्रकार म्हणजे उजेड वाढवायला १००/९० वॅटचे बल्ब ठोकणं. मूळ वायर आणि होल्डर तेवढ्या करंटसाठी बनवलेले नसतात. होल्डर वितळतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

गाडीमालकांनाही मी सोडणार नाही. "दोन्ही डिपर एकदम गेले" म्हणून येणाऱ्यांपैकी कित्येकांचा एक आधीच गेलेला असतो, यांनी पाहिलेलाच नसतो. संध्याकाळी भिंतीसमोर गाडी उभी करून दिवे पाहायला मिनिटही लागत नाही. तेवढंही होत नसेल तर कशेडी घाटात रात्री गाडी घालू नये. २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालू असतो, त्यामुळे समोरून एकच दिवा दिसला की माणूस मोटारसायकलच समजतो. उजवा दिवा बंद असेल तर रस्त्याच्या मध्याकडचा गाडीचा सगळा भाग अंधारात असतो. समोरचा ती जागा मोकळी समजून गाडी घालतो.

कायद्यात हे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०५ सांगतो की दिव्यांच्या उजेडात १५५ मीटरवरचा माणूस आणि वाहन स्पष्ट दिसलं पाहिजे. पण खासगी मोटारीला पहिली पंधरा वर्षं फिटनेस तपासणीच नाही. पीयूसीवाला धूर तपासतो, दिव्यांकडे बघतही नाही. गाडी तिथे येतेच, तर दोन्ही दिवे अप्पर-डिपर लावून बघण्याची सक्ती तिथेच करायला परिवहन खात्याला काय अडचण आहे?

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. दिवा चालू ठेवून मल्टीमीटर लावल्याशिवाय जो नवा बल्ब, स्विच किंवा वायरिंग गळ्यात मारू पाहतो, त्याला एक रुपयाही देऊ नका.