दहा वाजले, आता पुरे

आमच्या चाळीच्या तोंडाशीच ग्रिल-खिडक्यांचे दुकान आहे. दिवसा कटरची करकर आम्ही सोसतो. त्यांचेही पोट त्यावरच आहे. पण मागच्या हिवाळ्यात काम रात्री अकरापर्यंत चालू लागले आणि दहावीची पोरे कानात कापसाचे बोळे घालून बसू लागली. आम्ही भांडून पाहिले. दुसऱ्या दिवसापासून शटर आणखी जोरात आपटू लागले.

मग पाच घरांनी मिळून आठ दिवस तारीख-वेळ वहीत टिपली आणि सह्यांचा अर्ज पोलीस ठाण्यात दिला. भगिनींनो, पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नका. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ आहे. एकटीला भीती वाटली तर ११२ वर फोन करावा. तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये भोंग्यांच्या प्रकरणात पोलिसांना बजावले आहे.

दुकान आता नऊला बंद होते. मालक मात्र एवढेच म्हणाला, "ताई, जयंतीला तुमचा डीजे कितीला थांबतो?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय आम्हीच काढणार आहोत.